वाचनालयाची गल्लीकडची खिडकी

आम्ही वाचनालयाच्या पाठीमागं राहायचो. पाठीमागं म्हणजे भिंतीला भिंत लावून. आमच्या चुलीमागची भिंत तीच मासिकांच्या दालनाची भिंत. थंडीच्या दिवसांत म्हातारे वाचक त्या भिंतीलगतचा बाक धरून बसायचे, कारण तिथं पाठीला ऊब लागायची. ती ऊब माझ्या आईच्या भाकऱ्यांची होती, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. आम्हाला मात्र पलीकडचं सगळं कळायचं. वर्तमानपत्राची काठी टेबलावर आपटली की किती वाजले ते कळायचं, खोकल्यावरून कोण आलंय ते कळायचं. आई भाकरी थापताना हात हलका ठेवायची. वाचणाऱ्यांना आवाज जाऊ नये म्हणून हलक्या हातानं भाकरी थापणारी दुसरी बाई मी अजून पाहिलेली नाही.

इमारत मूळची वाचनालयाची नव्हतीच. जुन्नरला पूर्वी हातकागद व्हायचा. कुकडीच्या काठी चिंध्या कुटून, भिजवून, चाळणीवर धरून कागदी मंडळी तो करायची आणि सुकलेले ताव या वखारीत रचून ठेवायची. दमट हवा आत शिरू नये म्हणून भिंती हातभर जाड, जोतं पुरुषभर उंच आणि खिडक्या मोजक्या. पुढं कारखान्याचा स्वस्त कागद आला, नदीकाठचे हौद कोरडे पडले, आणि शेवटच्या कागदी मालकानं वखार गावातल्या चार वाचणाऱ्या माणसांच्या हवाली केली. कागदाच्या जागेत कागदच राहू दे, एवढंच तो बोलला म्हणतात. मला लहानपणी हे फार आवडायचं. पुस्तकांना त्यांच्या माहेरी ठेवलंय असं वाटायचं.

आमचे आप्पा तिथं शिपाई होते; वाचनालयात त्यांना सखाराम म्हणायचे. झाडलोट, पाणी, टपाल हे त्यांचं काम. पण खरी हौस पुस्तकं बांधायची. फाटकं पुस्तक हातात आलं की ते आधी त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवत, आजाऱ्याची नाडी बघावी तसं. मग जुने टाके उसवायचे, फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांच्या जुड्या, सुटे करायचे, सुईदोऱ्यानं पुन्हा शिवायचे. चिकटवायला खळ लागायची. ती आई चुलीवर शिजवायची, पिठात मोरचूद घालून, म्हणजे कसर लागत नाही. मोरचूद विषारी, म्हणून खळीचं पातेलं वेगळं, पळी वेगळी, दोन्ही आमच्या हाताला लागणार नाहीत अशा उंच फळीवर. एका चुलीवर हुलग्याच्या शेंगोळ्या रटरटतायत आणि दुसरीवर निळसर खळ बुडबुडतेय, हे माझ्या घराचं चित्र. अजूनही कुठं शेंगोळ्यांचा वास आला की मागोमाग मोरचुदाचा वास येतो. तो खरा नसतो, पण येतो.

वाचनालयाचे चिटणीस होते गुरुजी. शाळेतून निवृत्त झालेले, बुटके, पांढरंशुभ्र धोतर, चालताना एक हात मागं. त्यांचे वडीलही एके काळी याच वाचनालयाचे चिटणीस होते. आप्पांना कामाला लावलं ते गुरुजींनी, मागच्या दोन खोल्या राहायला दिल्या त्या त्यांनीच. मी पाचवीत असताना त्यांनी मला सांगितलं होतं, “कमल, कपाटाला कुलूप नाही. खालच्या फळीपासून सुरुवात कर आणि उंची वाढेल तशी वर जा.” मी तसंच केलं. मी अकरावीला पोचले तेव्हा सर्वांत वरच्या फळीला हात लागत होता. या माणसाशी आपल्याला कधी समोरासमोर उभं राहावं लागेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

त्या वर्षी वाचनालयाचा अमृतमहोत्सव ठरला. भिंतींना रंग, दारांना तेलपाणी, बाहेरगावचे पाहुणे. गुरुजींच्या मनात आलं की इमारतीचा इतिहास मोठ्या अक्षरांत लिहून सात फलक दालनांत लावावेत. माझं अक्षर चांगलं होतं. त्यांनी बोरू, शाईची बाटली आणि जाड पुठ्ठे माझ्यापुढं ठेवले. “जुनी इतिवृत्तं काढ, वाच आणि तूच लिही. मी फक्त शुद्धलेखन तपासीन.” आई त्या दिवशी मासवड्या करायला बसली. सण नव्हता, पाहुणा नव्हता. “पोरीच्या हातानं भिंतीवर लिहिलं जानार हाये,” एवढंच ती म्हणाली.

इतिवृत्तांच्या वह्या लोखंडी पेटीत होत्या. कागदी मालकाचं दान, पहिली शंभर पुस्तकं, पहिला दिवा, प्लेगात बंद ठेवलेले महिने, असं करत करत सहा फलक झाले. सातव्यासाठी मी एक पातळशी वही उघडली आणि मधल्याच एका पानावर थांबले. त्यात ठराव होता. पश्चिमेच्या भिंतीत, गल्लीकडे, एक खिडकी पाडावी. अस्पृश्यांना पुस्तकं द्यायची ती त्या खिडकीतून. हातात देऊ नयेत, कट्ट्यावर ठेवावीत आणि देणाऱ्यानं मागं सरावं. परत आलेलं पुस्तक दिवसभर उन्हात ठेवून मग आत घ्यावं. शब्द इतके तंतोतंत आठवत नाहीत, पण अर्थात फरक नाही. खाली सही गुरुजींच्या वडिलांची.

ती खिडकी मला माहीत होती. आप्पा तिच्या कट्ट्यावर ओली बांधणी वाळत ठेवायचे. मी तिथं बसून परीक्षेचा अभ्यास केला होता, पाय वर घेऊन, चिंच चोखत. ती कशासाठी पाडली हे मला सोळा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

जेवताना मी विषय काढला. आईचा हात परातीत थांबला. आप्पा घास चावत राहिले. मग म्हणाले, “ते लिवायचं न्हाई.”

“का?”

“सहा फलक झाल्यात ना? सातव्यात वाचकांची संख्या लिव. पुस्तकांची लिव.”

“पण हे आपलंच आहे, आप्पा. आपल्याच माणसांचं.”

“म्हनूनच.” त्यांनी ताट सरकवलं. “आपन ज्या भिंतीला टेकून ऱ्हातो ती हलवायची नसती, कमल.”

मला राग आला. बाहेर सभांमधून आमची पोरं काय काय बोलत होती, पत्रकं वाटत होती, आणि माझे आप्पा भिंतीला टेकण्याच्या गोष्टी करत होते. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयापेक्षा कितीतरी मोठी आहे, तेव्हा त्यांच्यावर किती माणसं टेकलेली होती ते मला दिसतं. सोळाव्या वर्षी ते दिसत नाही, आणि दिसत नाही हे एका अर्थी बरंच.

दोन दिवसांनी आई डिंगोऱ्याला निघाली, ज्वारी आणायला. मी हट्टानं बरोबर गेले. डिंगोऱ्याला आप्पांचे चुलते राहायचे, आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणायचो. पासष्टीचे, काटक, स्वतःचं वावर स्वतः करणारे. ओतूरमार्गे एसटीनं पोचलो तेव्हा ते खळ्यावर होते. मी पाणी प्यायच्या आधी खिडकीचं विचारलं. आई माझ्याकडं डोळे वटारून बघत राहिली. तात्यांनी हातातली दोरी खाली ठेवली.

“तुला कुनी सांगितलं?”

“वहीत सापडलं.”

“लिवून ठिवलंय व्हय त्यांनी?” त्यांना खरंच नवल वाटलं होतं. “मला वाटलं, असलं कुनी लिवून ठिवत न्हाई.”

मग ते बोलले. दर पंधरा दिवसांनी पायी जुन्नरला जायचं. गल्लीत उभं राहायचं आणि नुसतं खाकरायचं; हाक मारायची नाही. कारकून आला की पुस्तकाचं नाव सांगायचं. तो कट्ट्यावर ठेवायचा, मागं सरायचा, मग हे हात वर करून घ्यायचे. जोतं उंच, त्यामुळं कट्टा डोक्याच्या वर. कोणतं पुस्तक आलं ते हातात येईपर्यंत दिसायचं नाही. कधी मागितलेलं यायचं, कधी भलतंच. भलतं आलं तरी परत करायची सोय नव्हती, कारण कारकून निघून गेलेला असायचा. “मंग तेच वाचायचं. साबन कसा करावा, ह्याच्यावर एक सबंद बुक वाचलंय मी. आमच्या सात घरांना मोठ्यानं वाचून दाखवलंय. साबन कुनी केला न्हाई, पन ऐकला सगळ्यांनी.” ते हसले. आम्हीही हसलो. 

“तात्या, आता तर कुणीही आत जातं. तुम्ही का नाही आलात कधी?”

“तुमच्या घरी येतो की.”

ते खरं होतं, पण यायचे ते मागच्या बोळातून. वाचनालयाच्या दारानं कधीच नाही. मला तो त्यांचा स्वभाव वाटायचा.

“दार उगडलं तवा कुनी सांगितलं न्हाई,” तात्या म्हणाले. “खिडकी बंद झाली तवाबी कुनी काय बोललं न्हाई. जनू काय झालंच नव्हतं. त्यांनी एकदा म्हनावं, बाबांनो, आमी हितं असं केलं. मंग येतो. मला काय माफी नको, राव. नुसतं म्हनावं.”

परतताना एसटीत आई माझ्याशी बोलली नाही. ज्वारीचं बाचकं मांडीवर घेऊन बसली होती. जुन्नरचं स्टँड आलं तेव्हा म्हणाली, “लिव. पन आधी गुरुजींना दाखव. पाठीमागून करायचं न्हाई. त्यांनी आपलं कधी पाठीमागून केलं न्हाई.”

मी सातवा फलक लिहिला. ठराव लिहिला, उन्हात ठेवलेली पुस्तकं लिहिली, कट्ट्याची उंची लिहिली, आणि ‘शिवाशीव’ हा शब्द लिहिला. शाई वाळल्यावर गुरुजींकडे घेऊन गेले. ते मासिकांच्या दालनात एकटेच होते. त्यांनी चष्मा पुसला, फलक वाचला, पुन्हा वाचला. मी त्यांच्या हाताकडं बघत होते. टेबलाची कड त्यांनी घट्ट धरली होती.

“ही खिडकी माझ्या वडिलांनी भांडून मिळवली,” ते म्हणाले. “तुला कल्पना आहे? बाकीच्यांना एकही पुस्तक द्यायचं नव्हतं. कोणत्याही वाटेनं नाही. वडील म्हणाले, दार नाही तर नाही, भिंत तरी फोडू. सहा महिने त्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं. आमच्याकडे लग्नाला माणसं आली नाहीत.”

मला हे माहीत नव्हतं. वहीत नव्हतं.  पण तात्यांचा वर केलेला हात डोळ्यांपुढून जाईना. “गुरुजी, तेही लिहिते,” मी म्हणाले. “दोन्ही लिहिते.”

“तो एक शब्द काढ.”

“कोणता?”

ते मोठ्यानं म्हणाले नाहीत. बोटानं दाखवला. मी मान खाली घातली आणि नाही म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना नाही म्हणाले. गुरुजी फलक भिंतीला उलटा टेकवून म्हणाले, “समितीपुढं ठेवतो.”

त्यानंतरचे चार दिवस मला अजून नको वाटतात. आप्पा माझ्याशी बोलेनात. पलीकडून वर्तमानपत्राच्या काठ्या वाजायच्या आणि आम्ही इकडं आवाज न करता जेवायचो. तिसऱ्या दिवशी शाळेतून आले तर आई पितळेची भांडी पोत्यात भरत होती. एकात एक घालून, मध्ये चिंध्या, वाजू नयेत म्हणून. मी दारात उभी राहिले. ती वर न बघता म्हणाली, “निघा म्हनले तर घाई व्हायला नको.” कोपऱ्यात दोन पोती तयार होती. खळीचं पातेलं मात्र फळीवरच होतं. ते तिनं आमचं धरलं नव्हतं.

रविवारी सकाळी समिती बसली. चहा द्यायला आप्पाच. मी चुलीमागच्या भिंतीला कान लावला. भिंत जाड, तरी कपाटामागं जुनी फट होती, तिथून ऐकू यायचं. कापडाचे व्यापारी असलेले शेठ बोलत होते. नोकरी दिली, राहायला जागा दिली, आता इतिहासही यांनीच लिहायचा का? पाहुण्यांपुढं गावाची शोभा करायची का? कुणीतरी हो हो म्हणालं. गुरुजींचा आवाज एकदाही आला नाही. मी वाट बघत होते. कपबशा गोळा केल्याचा आवाज आला आणि मग शेठ म्हणाले, “तसं ते भोक ठेवायचं तरी कशाला? रंगाच्या आधी बुजवून टाकू. मंगळवारी गवंडी येईल. सखाराम, तू त्याच्या हाताखाली उभा राहा. चुना-वाळू कालवून दे. तुझ्याच हातानं होऊ दे, म्हणजे कुणाच्या मनात काही राहायला नको.”

एक बशी वाजली.  आप्पा आत आले, कपबशा विसळल्या, पुसल्या, एकावर एक रचल्या. आईनं विचारलं, “काय झालं?” ते म्हणाले, “काय न्हाई.” आणि आपलं बांधणीचं सामान घेऊन बसले. पण काही बांधलं नाही. सुईत दोरा ओवला, काढला, पुन्हा ओवला.

मंगळवारी सकाळी नऊच्या सुमारास गवंडी आला. खंडूभाऊ, ओळखीचाच माणूस. विटांची हातगाडी गल्लीत लावून तो आत आला तेव्हा आप्पा खिडकीच्या कट्ट्यावर मांडी घालून बसले होते. पुढं शिवणीचा साचा, बाजूला खळीचं पातेलं, सुटे फर्मे, दोऱ्याचं रीळ, दाब द्यायच्या फळ्या. सगळं दुकान त्यांनी खिडकीत मांडलं होतं.

“दादा, उठा की. बुजवायचीय.”

“माझं काम चालू हाये,” आप्पा म्हणाले. “हे बुक संपलं की बघू.”

खंडूभाऊ तंबाखू मळत बसला. एक पुस्तक संपलं. आप्पांनी दुसरं घेतलं. “राव, मला संध्याकाळच्याला आळेफाट्याला दुसरं काम हाये,” खंडूभाऊ म्हणाला. “मंग जावा तुमी,” आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज रोजच्यासारखाच होता.  मी शाळेत गेले नाही. आई दाराशी पदर खोचून उभी होती.

दहाला वाचक आले. कुजबुज सुरू झाली. अकराला शेठ आले, बरोबर आणखी एक सभासद. “सखाराम, हा काय तमाशा आहे? खाली ये.” आप्पांनी सुई थांबवली. मला वाटलं, आता उतरतील. आयुष्यभर कुणी साहेबानं हाक मारली की ते उठून उभे राहिले होते. त्यांचा एक पाय खाली आलासुद्धा. मग तो त्यांनी पुन्हा वर घेतला.

“शेठ, चुना मी कालवनार न्हाई,” ते म्हणाले. “दुसऱ्यानं कालवला तरी मी उठनार न्हाई. ल्हानपनी तात्याच्या खांद्यावर बसून मी ह्या खिडकीतनं आत बघायचो. आत एक मानूस बुकं शिवत बसलेला असायचा. मी म्हनायचो, तात्या, मला ते काम शिकायचंय. तात्या म्हनायचा, तिथं आपल्याला जाता येत न्हाई. ही खिडकी बुजवली तर मी कुठनं आलो, ते मला तरी कसं कळायचं?”

आप्पांच्या तोंडून एवढं लांब बोलणं मी पहिल्यांदा ऐकलं.  शेठ लाल झाले. खोल्या आजच्या आज रिकाम्या करा म्हणाले, पोलिसांना सांगतो म्हणाले, पुष्कळ बोलले. आई आत गेली आणि पोत्यांची तोंडं शिवायला लागली. मी तिला थांबवलं नाही.  हे सगळं माझ्या एका शब्दानं झालं होतं.

गुरुजी आले तेव्हा दुपार झाली होती. कुणीतरी बोलावून आणलं असणार. त्यांनी शेठचं ऐकून घेतलं, आप्पांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं नाही. काही न बोलता ते वळले आणि बाहेर गेले. ते निघून गेले असंच आम्हाला वाटलं. शेठनाही वाटलं, कारण त्यांनी खंडूभाऊला खूण केली. तेवढ्यात गल्लीतून कुणीतरी खाकरलं.

मी खिडकीजवळ धावले. खाली गल्लीत, विटांच्या गाडीशेजारी, उन्हात गुरुजी उभे होते. डोकं कट्ट्याच्या पुष्कळ खाली. वर बघताना त्यांना डोळ्यांवर हात धरावा लागत होता.

“सखाराम,” ते म्हणाले, “मला एक पुस्तक दे.”

आप्पा त्यांच्याकडं बघत राहिले. मग कट्ट्यावरून खाली, आतल्या बाजूला उतरले. हातातलं नुकतंच शिवलेलं पुस्तक त्यांनी कट्ट्यावर ठेवलं. आणि मागं सरले. एक पाऊल, दोन पावलं.

गुरुजींनी हात वर केला. हात पोचेना. ते बुटके. त्यांनी टाचा उचलल्या, भिंतीला छाती लावली, बोटं कट्ट्यावर चाचपडायला लागली. पुस्तक दोन बोटं दूर होतं. त्यांना ते दिसत नव्हतं. मला राहवेना, मी पुढं झाले, तर आप्पांनी माझा दंड धरला. घट्ट नाही, पण धरला. अखेर गुरुजींच्या बोटाला पुठ्ठ्याची कड लागली, त्यांनी ते ओढलं, आणि ते त्यांच्या अंगावर पडता पडता त्यांनी झेललं. पांढऱ्या सदऱ्यावर ओल्या खळीचा निळसर डाग पडला. ते पुस्तक छातीशी धरून ते बराच वेळ तिथंच उभे राहिले. वर दालनात पंधरा-वीस माणसं हे बघत होती.

आप्पांनी तेव्हा पुस्तक हातात का दिलं नाही, हे मी त्यांना पुढं अनेकदा विचारलं. त्यांनी सूड घेतला असं मला कधी वाटलं नाही, पण दया केली असंही म्हणवत नाही. एकदाच त्यांनी उत्तर दिलं. “त्यांनी गल्लीत जाऊन मागितलं. हातात घ्यायचं असतं तर त्यांनी आत मागितलं असतं.”

गुरुजी मोठ्या दारानं आत आले. धाप लागली होती. खंडूभाऊला म्हणाले, “विटा घेऊन जा.” शेठ काही बोलणार तर त्यांनी हात वर केला. “मी साठ वर्षं या खिडकीकडं आतूनच बघितलं,” ते म्हणाले. “माझ्या वडिलांनीही आतूनच बघितलं.” एवढंच. मग उलटा टेकवलेला फलक त्यांनी सुलटा केला आणि मला म्हणाले, “वडिलांचं लिहिणार होतीस, ते लिही. आणि तो शब्द राहू दे.”

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते सगळंच गोड नाही. समारंभात सातवा फलक लागला. गुरुजींनी तो स्वतः वाचून दाखवला. दोन सभासद उठून गेले, पाहुण्यांनी भाषणात त्याचा उल्लेख टाळला. वर्षभरात समितीत गुरुजींचं बहुमत गेलं, त्यांनी चिटणीसपद सोडलं, आणि आमच्या दोन खोल्या जुन्या पुस्तकांसाठी हव्यात म्हणून नोटीस आली. आप्पांची नोकरी राहिली. आम्ही स्टँडजवळ भाड्याच्या खोलीत गेलो, आणि आईला जोरानं भाकरी थापायला शिकावं लागलं. ती म्हणायची, हात आपोआप हलका पडतो. फलक पुढं एका रंगरंगोटीत उतरवला गेला तो पुन्हा लागला नाही. खिडकी आहे. गेल्या वर्षी निरगुडसरहून, आईच्या माहेरच्या लग्नावरून, परतताना मी मुद्दाम वाकडी वाट करून जाऊन आले. तिला आता जाळी आहे. तिथं बसलेल्या मुलीला मी खिडकीबद्दल विचारलं, तर ती म्हणाली, इथं वारा छान येतो. मी तिला सगळं सांगितलं. तिनं हातातलं पुस्तक मिटून ऐकलं.

पण मला शेवटी सांगायचंय ते समारंभाच्या दिवशीचं. तात्या आले होते. मांडवाच्या कडेला, खांबाला टेकून, नवं धोतर नेसून. गुरुजींनी फलक वाचला तेव्हा ते जमिनीकडं बघत होते. माणसं पांगल्यावर ते पायऱ्या चढले. पायताण काढून हातात घेतलं, मग आप्पांनी सांगितल्यावर पुन्हा घातलं. दालनं बघितली, कपाटांना हात लावला नाही. खिडकीशी गेले आणि तिच्यातून खाली गल्लीकडं पाहिलं.

“हितनं लई खोल दिसतंय,” म्हणाले.

गुरुजी त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले होते. दोघं साधारण एका वयाचे. गुरुजींनी हात जोडले, तात्यांनीही जोडले.  मग तात्यांनी विचारलं, “आजचा पेपर हाये का?”

आप्पांनी काठीला लावलेलं वर्तमानपत्र आणून त्यांच्या हातात दिलं. तात्या मधल्या बाकावर, दोन वाचकांच्या मध्ये, बसले आणि पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. ओठ हलवत, बोट फिरवत, जाहिरातीसुद्धा न सोडता. वाचक एकेक करून उठले. संध्याकाळ झाली. आप्पा कुलूप घेऊन दारात उभे. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी वाचनालय बंद करायला कधी पाच मिनिटंही उशीर केला नव्हता. मी हळूच म्हणाले, “आप्पा, वेळ झाली.”

“थांब,” आप्पा म्हणाले आणि दिवा लावला. “तात्याचं शेवटचं पान ऱ्हायलंय.”